कॅनडाला कोणी जायचे?

दिवाळी आटोपली की आमच्या जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. भात-नागली घरात येते, थोडे दिवस पुरते, आणि माणसे पोराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. या जाण्याने कोणाची झोप उडत नाही. मात्र त्याच पाड्यावरचा एखादा मुलगा बी.एस्सी. होऊन ‘मला पुढे कॅनडात शिकायचे आहे’ असे म्हणाला, की शहाण्यासुरत्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. भिवंडीला जाणारा आदिवासी गुणी आणि टोरांटोला जाऊ पाहणारा आगाऊ! हा न्याय मला मान्य नाही. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. परदेश मी पाहिलेला नाही, पण मुलांची डोकी रोज पाहतो.

‘आधी पोटाचे बघा, मग परदेशाचे,’ असे आम्हांला सांगितले जाते. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. ती जखम आम्ही विसरलेलो नाही. पण तेव्हापासून परके तज्ज्ञ येतात, मुलांची वजने घेतात आणि अहवाल लिहून निघून जातात. तो तज्ज्ञ आमच्याच पाड्यावरचा का असू नये? आहारशास्त्र, जंगल, पाणी आणि माती यांचे उत्तमोत्तम शिक्षण या डोंगरातल्या मुलाने घेतले, तर ते पोटाच्याच कामी येणार ना? आणि हा उपदेश करणाऱ्यांपैकी किती जणांची मुले-पुतणे याच दिवाळीला कॅनडातून दूरध्वनी करणार आहेत, तेही एकदा मोजावे.

आता हिशेब मांडू. १९५० साली ठरलेल्या कोलंबो योजनेखाली कॅनडा स्वतःच्या खर्चाने आपल्याकडची माणसे शिकायला नेत असे. आज पारडे फिरले आहे. विद्यापीठाने प्रवेश दिला तरी तेवढ्याने भागत नाही. शिक्षणाचा परवाना हवा असेल, तर फी आणि प्रवासखर्च सोडून, वर्षभराच्या राहण्याखाण्याची ऐपत सिद्ध करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक प्रांत वगळता एकट्या विद्यार्थ्यासाठी हा आकडा २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाला. आपले चौदा लाख रुपये! २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. भागाकार पाचवीतला मुलगाही करील. जवळजवळ साडेचार हजार दिवस. एक दिवस न चुकता काम मिळाले आणि घरात कोणी एक घास खाल्ला नाही, तर बारा वर्षे. पूर्वी ऋषी तप करीत, आता मजुराने करायचे! परवान्याचा अर्ज आणि बोटांचे ठसे यांचे २३५ डॉलर वेगळेच. परवाना नाकारला गेला तरी अर्जाची फी परत मिळत नाही.

१९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचे वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. सयाजीराव महाराजांनी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि बदल्यात दहा वर्षे नोकरीचा करार केला. त्या शिष्यवृत्तीला तारण होते ते विद्यार्थ्याच्या डोक्याचे, बापाच्या बँकबुकाचे नव्हे. एका संस्थानाला जे कळले ते प्रजासत्ताकाला कळू नये?

शिष्यवृत्ती मुळीच नाही असे नव्हे. केंद्र सरकारची अनुसूचित जमातींसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशातून वर्षाला २० जणांना ती मिळते, आणि त्यांत अतिमागास आदिम जमातींसाठी ३ जागा आहेत. २०११च्या जनगणनेप्रमाणे या देशात आदिवासी दहा कोटींवर आहेत, आणि जागा वीस! आमचे कातकरी त्या आदिम जमातींत मोडतात. पण मोखाड्याच्या किती कातकऱ्यांना या तीन जागा ठाऊक आहेत? शिवाय शिष्यवृत्ती निवड झाल्यावर मिळते. निवडीआधीचे पारपत्र, इंग्रजीची परीक्षा आणि विद्यापीठांच्या अर्जांची फी यांचा भार कोणी उचलायचा?

जिथे सरकार गप्प बसते तिथे दलाल बोलू लागतो. ‘सल्ला फुकट’ अशी पाटी लावून बसलेला माणूस पुष्कळदा कॉलेजकडून दलाली घेत असतो. साहजिकच तो मुलाच्या हिताचे नव्हे, दलाली देणारे कॉलेज सुचवतो. २०२३ साली पंजाबातल्या कितीतरी मुलांवर कॅनडातून हाकलले जाण्याची पाळी आली. कारण त्यांच्या हाती दिलेली प्रवेशपत्रेच बनावट निघाली. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेऊ लागले. पण पंजाबातला बाप शेत विकून फसला, आमच्या बापाकडे विकायला तेवढे शेतही नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात या कामासाठी एक टेबल आणि एक जाणता माणूस हवा. अर्जाआधीचा खर्च सरकारने उचलावा. आणि परदेशी विद्यापीठांचे दरवाजे हिवाळ्यात बंद होऊ लागतात, त्याआधी शिष्यवृत्तीचा निकाल लागावा. पैसे मिळणार की नाही हे न कळता गरिबाने प्रवेशाच्या अनामत रकमा कशा भराव्या?

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची माणसे कॅनडात आहेत त्यांना एक विनंती आहे. यंदा भाऊबीजेला बोलणे होईल तेव्हा त्यांना विचारा की आमच्याकडच्या एका मुलाचा अर्ज तपासून द्याल का? कोणते कॉलेज खरे आणि कोणते नुसते दुकान, एवढे तरी सांगाल का? यात तुमचा खर्च तासाभराचा आहे. आमच्या मुलाचे मात्र तपभराचे काम होईल.