बंदुकीचा हिशेब कोण ठेवतो?

पोलीस सुधारणांचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन तऱ्हेचे सूर ऐकू येतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "बेटा, त्या भानगडीत पडू नकोस." तरुण म्हणतात, "काही होणार नाही, सगळी व्यवस्था आपल्या विरोधातच आहे." दोन्हींचा शेवट एकच, गप्प बसणे. या अंकात मला या गप्प बसण्याविरुद्ध बोलायचे आहे. त्यासाठी सुरुवात जरा लांबून, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियापासून करतो. तिथून आपण माझ्या मावळात येऊ.

लायबेरियात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. लोकांना बंडखोरांची जेवढी भीती होती, तेवढीच सरकारी सैन्याची आणि पोलिसांची होती. ऑगस्ट २००३ मध्ये घानाची राजधानी आक्रा इथे शांतता करार झाला आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक लायबेरियात उतरले. ते २०१८ पर्यंत तिथे होते. दोन गटांच्या मधे उभे राहून युद्धबंदी टिकवणे एवढेच त्यांचे काम नव्हते. पोलीस दलात राहू इच्छिणाऱ्यांचा पूर्वेतिहास तपासणे, नवी भरती, प्रशिक्षण, ठाणी उभी करणे ही कामेही त्यांच्याकडे होती. सैन्य तर बरखास्त करून अमेरिकेच्या मदतीने नव्याने उभारले गेले. या सगळ्या खटाटोपाला 'सुरक्षा क्षेत्र सुधारणा' म्हणतात. २८ एप्रिल २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने या एकाच विषयावर स्वतंत्र ठराव केला, ठराव क्रमांक २१५१. त्यामागचा विचार साधा आहे. ज्यांच्या हातात बंदूक आहे ते कायद्याला आणि लोकांना उत्तरदायी नसतील, तर शांतता करार कागदावरच राहतो. आणि ही सुधारणा बाहेरून लादता येत नाही, ती त्या देशाने स्वतःची मानावी लागते.

या कामात भारताचा वाटा मोठा आहे. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिलांची तुकडी लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ती पहिली संपूर्ण महिलांची सशस्त्र पोलीस तुकडी. तुकड्या बदलत राहिल्या, पण हे काम फेब्रुवारी २०१६ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे चालले. या महिलांनी महत्त्वाच्या सरकारी इमारतींवर पहारा दिला, स्थानिक पोलिसांबरोबर रात्रीची गस्त घातली. वर्दीतली बाई रस्त्यावर रोज दिसू लागली, तसे तिथल्या मुलींनाही पोलीस व्हावेसे वाटू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील महिलांचे प्रमाण २००७ मध्ये ६ टक्के होते, ते २०१६ मध्ये १७ टक्के झाले. सगळे श्रेय एका तुकडीचे नाही, पण त्यात तिचा हात होता हे कुणी नाकारत नाही.

मात्र इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. ऑगस्ट २०१४ मध्ये, इबोलाच्या साथीत, मोनरोव्हियातील वेस्ट पॉइंट ही दाट झोपडपट्टी सरकारने एका रात्रीत बंद केली. २० ऑगस्टला चिडलेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १५ वर्षांचा एक मुलगा त्यात मरण पावला. गोळ्या झाडणारे सैन्य जुने नव्हते. पूर्वेतिहास तपासून निवडलेल्या, नव्याने घडवलेल्या माणसांचे होते. खुद्द शांतिसैनिकांवरही अनेक देशांत लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि संयुक्त राष्ट्रांना स्वतःच्या माणसांसाठी कडक नियम करावे लागले. चांगली माणसे भरली आणि चांगले शिकवले म्हणजे काम संपत नाही. चूक झाल्यावर ती कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच. तपासणारा त्याच दलाचा असेल, तर आधीचे सगळे कष्ट वाया जाऊ शकतात.

आता मावळात येऊ.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. धरणात जमिनी गेलेल्यांचे पुनर्वसन नीट झालेले नव्हते, आणि नदीतले पाणी नळात गेले तर काठच्या शेतीचे काय, अशी त्यांची भीती होती. त्या दिवशी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडवला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण मेले. त्यात एक बाई होती. त्या दिवसाची दृश्ये वाहिन्यांवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली.

बऊर आमच्या कार्ल्यापासून दूर नाही. कामशेत ओलांडले की आलेच. ज्यांच्या घरातली माणसे गेली ते मावळातले शेतकरी होते, बहुसंख्याक समाजातले. त्यांना कुणी 'संशयित' म्हणून वाढवलेले नव्हते. तरीही गोळी आली, आणि गोळीनंतर आपल्याला चांगले ठाऊक असलेले सगळे घडले. चौकशी आयोग, राजकीय आरोप, नुकसानभरपाई, दरवर्षी ९ ऑगस्टला श्रद्धांजली. नेमक्या त्या क्षणी गोळी चालवणे गरजेचे होते का आणि नसेल तर जबाबदार कोण, याचे उत्तर घटनेनंतर काही आठवड्यांत देईल अशी स्वतंत्र यंत्रणा तेव्हा महाराष्ट्रात नव्हती.

आपल्या पिढीने श्रीकृष्ण आयोगाचे नाव घरात ऐकले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत ९०० माणसे मेली, त्यांतले ५७५ मुस्लीम आणि २७५ हिंदू. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा अहवाल १९९८ मध्ये आला. पोलिसांत मुस्लिमांविषयी पूर्वग्रह होता, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे आणि ३१ पोलिसांवर ठपका आहे. पोलीस दल कसे सुधारावे याच्या शिफारशीही त्यात होत्या. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे दंगलीनंतर जवळपास ३० वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावे लागले की, तुम्ही स्वीकारलेल्या या शिफारशी आता तरी लवकर अमलात आणा.

मुंबईची दंगल आणि बऊरचा गोळीबार एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मुंबईत पूर्वग्रहाचे विष होते, ते मावळात नव्हते. आपल्या समाजाच्या वाट्याला आलेला तो जादाचा अन्याय आहे आणि तो तसा म्हटलाच पाहिजे. पण दोन्हींमधली एक उणीव सारखीच आहे. बळाचा वापर झाल्यावर त्याचा हिशेब घेणारा, दलाबाहेरचा, कायमचा आणि लोकांना सहज गाठता येणारा माणूस नव्हता. म्हणून पोलीस सुधारणा ही 'मुस्लिमांची मागणी' म्हणून मांडली की ती अर्धीच राहते. मावळातला शेतकरी, कोठडीत मारहाण झालेला पारधी तरुण, तक्रार नोंदवून न घेतलेली बाई आणि आपण, असे सगळे या मागणीचे मालक आहोत.

ही मागणी नवी नाही, न्यायालयाने मान्यही केलेली आहे. प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक. १९९६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सात निर्देश दिले. पोलीस महासंचालकांची निवड गुणवत्तेवर व्हावी, महत्त्वाच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे हलवू नये, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करावे. आणि पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र तक्रार प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी ठेवली. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचे. तरीही प्राधिकरण कायद्यात आहे. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम न पाळता केलेली अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे नेता येतात. आपल्या मोहल्ल्यात दहा जणांना विचारून पाहा, किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ज्याच्या कामाची नोंद ठेवायची, त्याला ती नोंद खोडण्याचा अधिकार द्यायचा नाही. बँकेच्या प्रणालीत हा नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक दारात उभा राहतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले. चित्रीकरण १८ महिने, आणि तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवायचे आहे. कॅमेरे चालू आहेत ना हे पाहायला राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्याही सांगितल्या. या समित्या जाग्या नसतील, तर चित्रीकरण ज्या ठाण्याचे आहे त्याच ठाण्याच्या कपाटात राहील आणि नेमक्या त्या दिवशी यंत्र बंद होते असे उत्तर येईल. कॅमेरा विकत घेणे सोपे आहे. किल्ली दुसऱ्याच्या हातात देणे अवघड आहे.

सत्तेच्या मर्यादा सर्वांना दिसतील अशा ठिकाणी लिहून ठेवण्याची कल्पना आमच्या गावाला तरी परकी नाही. कार्ल्याच्या लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक सातवाहनकालीन लेख आहे. मामाळ, म्हणजे आजचे मावळ, इथल्या अमात्याला दिलेली ती राजाज्ञा आहे. वलूरक लेण्यांतल्या भिक्खूंना करजक हे गाव दिले आहे आणि त्याला सवलती दिल्या आहेत. त्यांतली एक 'अपावेस', म्हणजे राजाच्या माणसांनी तिथे शिरू नये. हा काही आजच्या अर्थाने नागरी हक्कांचा जाहीरनामा नाही, एका दानाची व्यवस्था आहे. पण हुकूम कुणाला बांधतो ते त्यात लिहिले आहे, आणि तो दगडात कोरला आहे, म्हणजे नंतर कुणी हात वर करू नयेत.

महाराष्ट्रात चांगले प्रयोगही झाले आहेत. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लीम आणि पोलीस तणाव नसतानाही नियमित एकत्र बसत, गटार-नळापासूनची भांडणे तिथेच मिटवत. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. लायबेरियात परदेशी तज्ज्ञ जे शिकवत होते, ते आपल्याकडच्या एका मराठी अधिकाऱ्याने आधीच करून दाखवले होते. दुखणे एवढेच की असे काम अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर विरते. म्हणून माणसाच्या भलेपणाला कायद्याची जोड लागते.

यावर एक आक्षेप येईल, की हे पोलिसांचे खच्चीकरण आहे. तसे नाही. सण, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांत बारा-बारा तास उभा राहणारा, पडक्या वसाहतीत राहणारा हवालदार हाही या सुधारणेचा लाभार्थी आहे. राजकीय दबावाखाली केलेल्या कामाचा ठपका शेवटी त्याच्यावरच येतो. कामाचे तास, घर, बदल्यांतली मनमानी हे सगळे सुरक्षा क्षेत्र सुधारणेतच मोडते.

मग आपण काय करायचे? एक, पोलीस भरतीचा अर्ज भरा. लोकसंख्येच्या मानाने पोलिसांत मुस्लीम कमी आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले. वर्दीतल्या बाईला पाहून मोनरोव्हियाच्या मुली पुढे आल्या, तशी आपल्या वस्तीतली एखादी फौजदार झालेली मुलगी दहा भाषणांचे काम करील. दोन, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, चित्रीकरण किती दिवस राहते. प्राधिकरणाकडे वर्षभरात तक्रारी किती आल्या, चौकशी किती झाल्या, किती शिफारशींवर कारवाई झाली. मी लोणावळा ग्रामीण ठाण्यापासून सुरुवात करणार आहे, तुम्ही तुमच्या ठाण्यापासून करा. तीन, हे एकट्याने करू नका आणि फक्त आपल्यांबरोबरही करू नका. ९ ऑगस्टला मावळातल्या शेतकऱ्यांच्या श्रद्धांजली सभेला जा. त्यांच्या शेजारी बसा, त्यांचे ऐका, मग आपले सांगा.

आपला देश दुसऱ्यांच्या पोलीस दलांना उत्तरदायी व्हायला शिकवायला माणसे पाठवतो, याचा मला अभिमान आहे. तोच धडा घरी मागणे हे नागरिकाचे रोजचे काम आहे. त्यासाठी देशभक्तीचा दाखला काढावा लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.