यंत्राची शिदोरी

इंग्रजी कायद्यांत 'डिफॉल्ट' या शब्दाचा अर्थ कसूर. हप्ता थकला, किंवा पक्षकार तारखेस हजर राहिला नाहीं, म्हणजे तो डिफॉल्ट. संगणक करणाऱ्यांनीं हाच शब्द निराळ्या अर्थानें रूढ केला आहे. वापरणारानें कांहींएक न सांगतां यंत्र आपण होऊन जी आज्ञावली पुढें करतें, जी लिपि दाखवितें, तें त्याचें डिफॉल्ट. यास मराठी प्रतिशब्द काय योजावा असा प्रश्न आमच्या घरांत निघाला, तेव्हां मला पाणिनीचें स्मरण झालें. व्याकरणांत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात व विशेष नियमास अपवाद. कर्तरि प्रयोगांत धातूस शप् हा विकरण सामान्यतः लागावयाचा, म्हणून भू धातूचें भवति होतें. परंतु दिवादि गण आला कीं तेथें श्यन् येतो व दीव्यति असें रूप होतें. यांत मौज अशी कीं, अपवाद आला म्हणजे उत्सर्ग मुकाट्यानें बाजूस सरतो. त्यास हुसकावून लावावें लागत नाहीं. यंत्रांत आधींच नेमून ठेवलेल्या गोष्टीस म्हणून 'औत्सर्गिक' म्हणावें, अशी माझी सूचना आहे. तरुण मंडळींस शब्द जड वाटला, वाटो.

प्रश्न निघण्यास कारण असें झालें. आमचा नातू अभियांत्रिकी शिकतो. सुटींत तो लिनक्सवर चालणारें एक तळहाताएवढें संगणकयंत्र घेऊन हातखंब्यास आला व म्हणाला, "आजोबा, हें घरांत सर्वांनीं वापरावयाचें. आरंभीं यांत काय काय घालून ठेवूं?" घरांत माणसें नऊ, तासाभरांत यादी पाऊणशें वस्तूंची झाली. आठ दिवसांनीं नातू परत जाणार, व त्यानें जें लावून ठेवलें असेल तेंच पुढें वर्षभर चालणार, हें कोणाच्याच ध्यानांत नव्हतें. आमच्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, धाकटी नात सहा वर्षांची. दोघींपैकीं कोणीही यंत्राच्या पोटांत शिरून कांहीं बदलणार नाहीं. औत्सर्गिक निवड जाणत्यासाठीं नसतेच. जो कधींच कांहीं बदलणार नाहीं, त्याच्यासाठीं ती करावयाची असते. जाणता आपला अपवाद आपण करून घेतो.

लिनक्स म्हणजे काय, हें वाचकभगिनींसाठीं दोन शब्दांत सांगतों. फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं संगणकाच्या मूळ कारभाराची एक आज्ञावली लिहिली व ती जगास खुली करून दिली. जो तो ती घेऊं शकतो, पाहूं शकतो, सुधारूं शकतो. ज्यास आपण अँड्रॉइड फोन म्हणतों त्याच्याही गाभ्यांत लिनक्सच आहे. म्हणजे वाचकहो, असें यंत्र आपणांपैकीं बहुतेकांच्या हातीं आहेच. फरक इतकाच कीं, त्याची शिदोरी दुसऱ्या कोणीं बांधून दिलेली आहे.

शिदोरी आपल्या माणसांनीं विचारपूर्वक बांधावी, असा यत्न आपल्या देशांत पूर्वींच झाला होता. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय व रमेश हरिहरन या अध्यापकांनीं, आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे यांनीं मिळून, २००१ सालीं 'सिंप्युटर' नांवाचें हातांत मावणारें लिनक्स-यंत्र लोकांपुढें मांडलें. त्याचें स्थायी स्मरण बत्तीस मेगाबाइटपर्यंतच होतें. आज आमच्या नातवाच्या यंत्रांत त्याच्या हजारपट जागा आहे. इतक्या अल्प जागेंत त्यांनीं प्रथम काय घातलें, हें पाहण्यासारखें आहे. अक्षरशत्रूसही वापरतां यावें म्हणून चित्रांच्या खुणा, व देशी भाषांतील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी 'ध्वनि' नांवाची आज्ञावली. याहून मार्मिक योजना कार्डाची होती. एकच यंत्र गांवांतील अनेकांनीं वापरावें, व प्रत्येकाची खाजगी माहिती त्याच्या स्वतःच्या कार्डांत राहावी. कार्ड आंत घातलें कीं यंत्र त्या मनुष्याचें होई. एकत्र कुटुंबाचें मर्म ओळखणारी याहून चांगली योजना मला तरी ठाऊक नाहीं. सांप्रतचा फोन मात्र एकाच धन्याचा म्हणून घडविलेला असतो, आणि घरांत तो चौघांच्या हातांतून फिरतो. पुढें २००४ सालीं 'अमिडा' या नांवानें सिंप्युटर बाजारांत आला. परंतु साधे मोबाइल फोन स्वस्त होत गेले, व व्यापाराच्या दृष्टीनें तो चालला नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या कोंकणांतीलच आहे. रायगड जिल्ह्यांतील खैरात या लहान गांवच्या शाळेंत २००७ सालीं 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांस मिळालीं. यंत्र पाटीहून फार मोठें नव्हे. पडदा उन्हांतही वाचतां येई. आंत लिनक्स, व त्यावर 'शुगर' नांवाची मुलांसाठींच रचलेली मांडणी. त्यांत फाइल व फोल्डर यांचा बडेजाव नव्हता. लिहिणें, चित्र काढणें, वाजविणें, छायाचित्र घेणें, कासवास आज्ञा देऊन आकृति काढविणें, अशीं कामें पडद्यावर गोलाकार मांडलेलीं, आणि मुलानें जें जें केलें त्याची नोंद एका रोजनिशींत आपोआप होत असे. जन्मभर मुलांस शिकविलेल्या मनुष्यास हें फार पटतें. मूल प्रथम काम ओळखतें. काम कोठें ठेविलें, हा कारकुनाचा प्रश्न त्यास मागाहून पडतो. यावरून त्या संस्थेंत मोठा वाद झाला. २००८ सालीं त्याच यंत्रावर विंडोज चालविण्याचा करार झाला, व त्याच सुमारास शुगरचे मुख्य पुरस्कर्ते वॉल्टर बेंडर यांनीं संस्था सोडून शुगरसाठीं निराळी संस्था काढली. यंत्र तेंच, किंमत जवळजवळ तीच; भांडण केवळ मुलाच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें काय यावें याचें.

कित्येकांस ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. बाजारांतील मंडळींस ती तशी वाटत नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं गूगल कंपनीस १३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोन करणाऱ्यांवर आपला सबंध संच आधींच घालण्याची व तो ठळक जागीं मांडण्याची सक्ति करून कंपनीनें आपल्या बळाचा दुरुपयोग केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. २०२३ सालीं अपिलांत दंड कायम राहिला. आयोगाच्या कांहीं आज्ञा मात्र रद्द झाल्या. जो उत्सर्ग अपवादास जागा देत नाहीं, त्यास पाणिनीनें काय म्हटलें असतें कोण जाणे. आमच्या घरीं एका फोनांत एक खेळ व दोन दुकानदारांच्या आज्ञावल्या जन्मजात आल्या आहेत. त्या कितीही पुसल्या तरी जात नाहींत. ओसरीवर आगंतुक येऊन बसावा, आणि ओसरी त्याच्याच नांवावर लागलेली असावी, तसा तो प्रकार आहे.

असो. आमच्या यादीवर येतों. अधिकांत अधिक वेळ कळपाटीवर गेला. नातवाचें म्हणणें, मराठी लिहिण्यासाठीं रोमन अक्षरांची पद्धति ठेवावी. 'आई' लिहावयाचें तर इंग्रजी ए, ए, आय दाबावें, मराठी अक्षर आपोआप उमटतें. सर्वांस ती सवय आहे. सवय आहे हें खरें. परंतु सहा वर्षांच्या मुलीस ती अद्यापि नाहीं, आणि तीच या यंत्रावर पहिल्यानें लिहावयास शिकणार! 'आई' हा शब्द इंग्रजी लिपींतून वळसा घालून तिनें कां लिहावा? सरकारनें प्रमाण ठरविलेली इन्स्क्रिप्ट नांवाची मांडणी १९८६ पासून आहे. तींत बहुतेक स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे येतात. अल्पप्राण ज्या कळीवर, महाप्राण त्याच कळीवर, म्हणजे क बरोबर ख, त बरोबर थ. साध्या दाबानें मात्रा, शिफ्टसह दाबल्यास पूर्ण स्वर. ज्यास वर्णमाला येते त्यास हिची संगति सांगावी लागत नाहीं. शिवाय लहान यंत्रावर दोन अंगठ्यांनींच लिहावयाचें असतें; डावा स्वरांकडे व उजवा व्यंजनांकडे राहिला म्हणजे दोघांस आळीपाळीनें काम मिळतें. कळींवर देवनागरी अक्षरें छापलेलीं नाहींत, हा नातवाचा आक्षेप खरा होता. सूनबाईंनीं चिकटपट्टीचे बारीक तुकडे करून त्यांवर अक्षरें लिहिलीं, व तो मिटला. इन्स्क्रिप्ट हा उत्सर्ग ठरला. रोमन पद्धति दोन कळींच्या एका दाबावर, अपवाद म्हणून ठेविली. नातू स्वतः अपवादच वापरतो.

अक्षरांच्या वळणाचाही विचार करावा लागला. यंत्रास भाषा हिंदी म्हणून सांगितली तर ल व श हीं अक्षरें हिंदी वळणाचीं दिसतात; भाषा मराठी अशी नेमली, कीं कांहीं टाइपांत तीं आपल्या वळणावर येतात. मुलें जें वळण पाहतात तेंच गिरवितात, म्हणून ही नेमणूक मीं आग्रहानें करून घेतली. लिनक्सबरोबर येणाऱ्या एका प्रसिद्ध टाइपाचें नांव 'लोहित'. तो रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं खुला केला. लाल टोपीवाल्यांनीं संस्कृतांतील लाल रंगाचें नांव शोधून काढिलें, याचें मला कौतुक वाटतें. त्याहून सूक्ष्म भानगड 'दुसऱ्या' या शब्दांतील अर्ध्या र ची आहे. तो र संगणकांत दोन प्रकारांनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, परंतु यंत्राच्या हिशेबीं ते दोन निराळे शब्द. एकानें एका रीतीनें लिहावें, दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधावें, आणि यंत्रानें 'सांपडत नाहीं' म्हणावें! सर्व घरास एकच कळपाटी नेमण्याचें हें आणखी एक कारण.

पुढील नियम हातखंब्याच्या पावसानें घालून दिला. मुंबई-गोवें महामार्गाच्या तिठ्यावर असूनही मृगाच्या पहिल्या सरींत येथें वीज जाते, व पाठोपाठ इंटरनेट जातें. तेव्हां जें इंटरनेटवांचून चालत नाहीं, तें औत्सर्गिक नव्हे, असें ठरविलें. किविक्स नांवाची विनामूल्य आज्ञावली आहे. तिच्या योगें मराठी विकिपीडिया सबंध उतरवून यंत्रांत ठेवतां येतो. त्याजोगें पुस्तकें. आपल्या कायद्यानें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं स्वामित्व संपतें. आपल्या जिल्ह्यांतील पालगडचे साने गुरुजी १९५० सालीं वारले, म्हणून त्यांचे ग्रंथ २०११ पासून सर्वांस मोकळे आहेत, व मराठी विकिस्रोतावरून त्यांतले घेतां येतात. तेवढ्यांत धाकट्यांचें वर्ष निघेल. शब्दकोश मात्र माझ्याकडे कपाटांत आहेत ते पुरेत. कोश चाळतांना शेजारचे चार शब्द डोळ्यांखालून जातात, तो लाभ यंत्रांत नाहीं.

घरखर्चाची वही, औषधांच्या वेळा व पंचांग हीं सूनबाईंच्या यादींतून घेतलीं. खेळ एकही घातला नाहीं. तो बंदी म्हणून नव्हे. खेळ कोठून आणावा हें मुलांस सांगावें लागत नाहीं, इतकेंच. सिंप्युटरच्या कार्डासारखी सोय नाहीं, तथापि लिनक्सांत प्रत्येकाचें खातें निराळें काढतां येतें. वहिनींच्या खात्यांत अक्षर मोठें, व पडद्यावर खुणा तीनच. नातीच्या खात्यांत लिहिणें व चित्र.

वहिनींची दृष्टि मंद झाल्यामुळें मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही घातली आहे. ई-स्पीक तिचें नांव. मराठी तीस येतें, पण स्वर सपाट, आणि जोडाक्षरावर ती अडखळल्यासारखी वाटते. वहिनींनीं दोन दिवस ऐकलें. वर्तमानपत्रास चालेल, पोथीस चालणार नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणून ती यंत्रांत आहे, परंतु आपण होऊन सुरू होत नाहीं.