रंगावरून ओळख

मुंबई-गोवा महामार्गावरील खांबजवळ, भातानंतर वाल पेरलेल्या शेताच्या बांधावर उभे असताना डोक्यावरून एक पांढुरका शिकारी पक्षी घिरट्या घालीत गेला. सोबतच्या विद्यार्थ्यांना मी तत्परतेने सांगितले, ‘पांढरी घार! रंगद्रव्याचा अभाव.’ ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची आम्हा अध्यापकांना सवय नसते.

पक्षी सागाच्या फांदीवर उतरला आणि माझी विद्वत्ता उघडी पडली. कबुतरासारखे लहान डोके, बारीक मान आणि लांब शेपूट. घारीच्या शेपटीची खाच कुठेच नाही. तो मधुबाज होता. मधमाश्या व गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर जगणारा हा पक्षी गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत अनेक रंगांत आढळतो. ती विकृती नव्हे, त्या जातीची रीतच आहे. रंगद्रव्याची उणीव पक्ष्यांत असते हे खरे; पण ती ठरवण्याआधी जात ओळखावी लागते.

मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे मराठी नावे हाताशी आली, नजर मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. साहित्याच्या वर्गातही आपण हेच करतो. एखाद्या लेखनाचा रंग अनोळखी दिसला की ‘अपवाद’ म्हणून मोकळे होतो. त्याची जात, त्याचे कूळ तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. विद्यार्थ्यांनी प्रथमच पाठ्यपुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले.