गाडीतला मुका प्रवासी आणि विम्याचा कागद

मे महिना लागला की आमच्या जनावरांच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे रुग्ण वाढतात. एक उन्हाने कासावीस झालेले आणि दुसरे मोटारीच्या प्रवासात जायबंदी झालेले. पैकी दुसरी तऱ्हा पूर्वी क्वचितच दिसे. गावाला जाताना कुत्र्याला शेजाऱ्याच्या ओट्यावर बांधून, दोन वेळच्या भाकरीची सोय लावून निघण्याची पद्धत होती. आता दारात मोटार आली आणि घरातला टायगरही मंडळींबरोबर कोकणात निघाला. चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याला गाडीत बसवायचे कसे, याचा विचार करणारे फार थोडे भेटतात.

कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर कोणत्याही रविवारी पाहा. पुढच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर पॉमेरियन आणि मागच्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून वारा खाणारा लॅब्रॅडोर. पाहायला मोठे गोड वाटते. पण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या जिवाला बसणारा तडाखा सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. वीस किलोचे कुत्रे त्या वेगाने पुढे फेकले गेले तर ते स्वतः तर जातेच, पण पुढे बसलेल्याची मानही मोडू शकते. मांडीवरच्या लहान कुत्र्याची गत आणखी वाईट, कारण अपघातात फुगणारी हवेची पिशवी प्रौढ माणसाच्या बेताने केलेली असते.

२०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. माणसाची ही कथा, तर जनावराला कोण विचारतो? ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत कुत्र्याला गाडीत नीट बांधून न्यावे, असे कलम आहे. आपल्याकडे १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला, पाणी, खाणे असे सारे आहे, पण घरच्या मोटारीतल्या पट्ट्याबद्दल काही नाही. तेव्हा ते आपणच पाहायचे. कुत्र्याला छातीवरून बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घालून तो सीटबेल्टला अडकवावा. गळपट्ट्याला बांधू नये, झटक्यात मानेला फास बसतो. मांजर असेल तर झाकणाची टोपली किंवा पिंजरा घ्यावा आणि तो पुढच्या सीटमागे, खाली पायांपाशी घट्ट बसवावा. उलटी होणाऱ्या पिल्लाला निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये. आणि कृपा करून घरातल्या माणसांच्या गोळ्या त्याच्या तोंडात कोंबू नका. साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.

उन्हाचे दोन शब्द. बंद गाडीतले तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी चढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाहेर ३५ अंश असताना आत काय होत असेल, हिशेब करा. ‘पाच मिनिटांत जेवून येतो’ ही पाच मिनिटे किती लांबतात, हे आपण सारे जाणतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. चपट्या नाकाच्या पगला तर तेही धड जमत नाही. असे जनावर धापा टाकत कोसळले तर आधी सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, आणि मग दवाखाना गाठावा.

आता विम्याकडे वळू. दोन वर्षांपूर्वी घाटात करकचून ब्रेक लागल्याने मागच्या सीटवरची एक कुत्री पुढे आदळली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. मालक शिक्षक. ‘डॉक्टरसाहेब, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, खर्चाची काळजी करू नका,’ असे मलाच धीर देत होते. दावा अर्थातच नामंजूर झाला. मला कंपनीचा राग नाही, कारण कागदावर तसे काही लिहिलेलेच नव्हते. राग आहे तो ‘फुल’ या शब्दाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तिऱ्हाइतासाठी असतो. तुमच्या गाडीखाली दुसऱ्याची शेळी आली तर तो भरपाई मागू शकतो. मात्र तुमच्याच गाडीतले तुमचेच कुत्रे हे ना तिऱ्हाईत, ना गाडीचा सुटा भाग. अपघात विमाही माणसांचाच.

शिक्षकांनी उसनवारी करून पुण्याला ऑपरेशन करवले. कुत्री लंगडते, पण चालते. तशाच दुखण्याच्या दुसऱ्या कुत्र्याला, खर्चाचा आकडा ऐकून, ‘इंजेक्शन देऊन झोपवा’ असे मला सांगण्यात आले होते. त्या माणसाला मी दोष देत नाही.

कुत्र्याचा वेगळा विमा मिळतो. सरकारी कंपन्यांकडे तो फार पूर्वीपासून आहे आणि २०२० नंतर खाजगी कंपन्याही उतरल्या. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत रक्कम जनावराच्या बाजारभावावर ठरते. म्हशीला ते ठीक, कारण ती गेली तर उत्पन्न जाते. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या मोत्याचा बाजारभाव काय सांगणार? हाड मोडले की प्लेटचा खर्च मात्र जातिवंताला आणि गावठीला सारखाच येतो. म्हणून विमा किमतीचा नव्हे, उपचारांचा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह नावाची कंपनी गाडीच्या धडक-विम्यातच कुत्र्या-मांजरांच्या उपचारखर्चाची तरतूद करते. आपल्या कंपन्यांनी थोडा जादा हप्ता घेऊन तसे कलम द्यायला काय हरकत आहे?

तोवर पॉलिसी घेताना एजंटाला विचारावे की प्रवासातला अपघात धरला आहे का, शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो का, आणि गावठी कुत्रे चालते का. लसीकरणाचे कार्ड गाडीतच ठेवावे, कारण लस टोचलेली नसेल तर त्या रोगाचा दावा सहसा फेटाळला जातो. ओळखीचा पुरावाही लागतो. गुरांच्या विम्यात कानातला बिल्ला हरवला की दावा बुडतो, हे शेतकरी वाचकांना सांगायला नकोच. आणि जनावर दगावलेच, तर पुरण्याआधी कंपनीला कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. दुःखाच्या भरात लोक पुरून मोकळे होतात आणि आठवड्याने दाखला मागायला येतात. तेव्हा लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नसते.