गीत गाजले, कर्ते उपेक्षित

‘विदाऊट यू’ हे गीत जगाला ठाऊक आहे ते हॅरी निल्सनच्या आवाजात. १९७२ साली त्याचे ध्वनिमुद्रण अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत अग्रस्थानी पोहोचले. परंतु हे गीत रचले ते वेल्समधील स्वान्सी येथे उदयास आलेल्या ‘बॅडफिंगर’ या रॉक वाद्यवृंदातील पीट हॅम व टॉम इव्हान्स यांनी, हे कितीजण जाणतात? १९७० साली ते प्रथम आले तेही त्यांच्याच ध्वनिमुद्रिकेत. बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा आश्रय लाभला, काही गाणी गाजलीही. तथापि पैशांच्या व्यवहारातील गोंधळाने आणि कोर्टकज्ज्यांनी ही गुणी मंडळी पुरती खचली. हॅमने १९७५ साली, तर इव्हान्सने १९८३ साली आत्महत्या केली.

गोमंतकीयांना ही कथा परकी वाटू नये. हिंदी चित्रपटसंगीतास वाद्यमेळाचा साज चढविणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे याच मातीतले. त्यांची नावे आज किती श्रोत्यांच्या ओठी आहेत?

कलावंताच्या पश्चात हळहळणे सोपे असते. त्याचे श्रेय आणि त्याचा मोबदला तो हयात असतानाच त्याच्या पदरी पडणे, हाच खरा न्याय होय.