बोर्ड जुना झाला म्हणजे संगणक मेला नाही



आज लोणच्याची कृती नाही, आज थोडं भांडायचं आहे.

“बोर्ड जुना आहे, त्यात आता काही होत नाही. नवीनच घ्या.” आपल्या धाराशिवात संगणक दुकानात नेला की हे वाक्य ठरलेलं. आमच्या मंदिराच्या हिशेबाचा संगणकही नेला, तर हेच ऐकायला मिळालं. दुकानदाराने डबा उघडलासुद्धा नाही. समितीतल्या पुरुषमंडळींनी लगेच मान डोलावली आणि नव्या संगणकाचा खर्च मंजुरीला आला. मी विरोध केला. पैसा दानाचा आहे. कुणी कापूस विकून दिलेला, कुणी पेन्शनमधून काढून दिलेला. तो खर्चायचा तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: या बोर्डावर बसणारा सर्वात वेगवान प्रोसेसर कोणता?

या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं. ते अंदाजाचं काम नाही.

मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. सॉकेट, त्यासोबतचा चिपसेट आणि बोर्डातला बायोस हे तिघे मिळून ठरवतात की कोणता प्रोसेसर चालेल. आमच्या बोर्डाचा चिपसेट एच ६१, सॉकेट ११५५. त्यावर बसलेला प्रोसेसर पेंटियम जी ६२०, म्हणजे २०११ सालचा, दोन कोअर, २.६ गिगाहर्ट्झ. त्याच सॉकेटमध्ये इंटेलचा २०१२ सालचा कोअर आय-सेव्हन ३७७० बसतो: चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ पासून ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत. वीज किती? पेंटियमची मर्यादा ६५ वॉट, याची ७७. म्हणजे बोर्ड मेलेला नव्हता. त्याच्यावर सुरुवातीलाच स्वस्तातला प्रोसेसर बसवून दिला होता.

आमच्या लहानपणी गल्लीत टाकीवाल्या यायच्या. जातं बोथट झालं की त्याला टाकी लावून घ्यायची, की पुन्हा बारीक पीठ पडायला लागायचं. जातं उकिरड्यावर टाकून नवं आणा, असं त्या बायांनी कधी सांगितलं नाही. शिकल्यासवरल्या दुकानदारांना मात्र ते सांगताना काही वाटत नाही.

उत्तर शोधायला इंजिनियर असावं लागत नाही. मी बी.कॉम. आहे. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती दिसते. ते नाव घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जायचं. तिथे चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही लिहिलेलं असतं. नावापुढचा ‘रिव्हिजन’ क्रमांकही जुळवायचा, कारण एकाच नावाच्या दोन बोर्डांच्या याद्या वेगळ्या असू शकतात.

यादीत नाव आहे म्हणून लगेच पैसे देऊ नका. एच ६१ चे सुरुवातीचे बोर्ड ३७७० ला ओळखत नाहीत. आधी बायोस अद्ययावत करावा लागतो, आणि तोही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड खरोखर मरू शकतो. आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. यूपीएस नसेल तर हे काम करूच नका.

आणखी एक. नावापुढे ‘के’ असलेल्या प्रोसेसरला जास्त पैसे मोजू नका; त्याचा वेग वाढवण्याची सोय एच ६१ बोर्डावर मिळत नाही. झिऑन ई३-१२३० व्ही२ स्वस्त मिळाला तरी त्यात चित्र दाखवायची सोय नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागेल. स्वस्त म्हणून आणलेली वस्तू अशी महाग पडते.

सर्वात वेगवान कोणता हे कळलं, की तोच घ्यायचा असंही नाही. हिशेब, पावत्या आणि पाठशाळेच्या मुलांना दाखवायची चित्रं, एवढ्याला चार कोअरचा कोअर आय-फाइव्ह ३४७० भरपूर झाला. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी आधी एसएसडी बसवा, रॅम दोन जीबी असेल तर आठ करा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच संगणक पळायला लागतो, प्रोसेसरला हात लावावाच लागत नाही. गरजेपुरतं घ्यावं, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

माझा खरा राग कंपन्यांवर आहे. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेटचं नाव तेच, ११५१. पिनाही तेवढ्याच. पण आधीच्या दोन पिढ्यांच्या बोर्डांवर ते चालणार नाहीत असं जाहीर केलं. वीजपुरवठ्याची रचना बदलली, हे कारण दिलं. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर ते चालवून दाखवले. एएमडीनेही २०२० मध्ये तोच मार्ग धरला होता. नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर नाहीत म्हणाली. ग्राहकांनी ओरड केली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये तर २०१७ च्या बोर्डांनाही रायझन ५००० ची परवानगी मिळाली. म्हणजे ‘होत नाही’ हे वाक्य दर वेळी तंत्राचं नसतं, पुष्कळदा ते धंद्याचं असतं. ग्राहक बोलला तर ते बदलतं.

आता समोरच्यांचा मुद्दा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ च्या यादीत ३७७० बसत नाही. मुद्दा खरा आहे, मी तो झटकत नाही. बँकेचे व्यवहार अशा संगणकावर आधाराविना करू नयेत. पण हा अडथळा विंडोजचा आहे, बोर्डाचा नाही. लिनक्स मिंट फुकट आहे, अशा यंत्रावर चांगलं चालतं आणि त्यात सुरक्षेच्या सुधारणा येत राहतात. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नसेल तर नवा संगणक घ्या, मी अडवणार नाही. पण ते कारण कागदावर लिहा.

“घसारा काढून वहीत किंमत उरली किती?” असं समितीत एकाने विचारलं. आयकराच्या नियमाने संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा. लाखाची वस्तू पाच वर्षांत वहीत ७,७७६ रुपयांवर येते. पण घसारा हा कराचा हिशेब आहे, यंत्राच्या आयुष्याचा नाही. तसं असतं तर आपल्या आज्यांची पितळी भांडी कधीच मोडीत गेली असती. कल्हई लावून ती अजून वापरात आहेत.

आणि टाकलेला बोर्ड जातो कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण भंगारवाल्याच्या हातगाडीवर ते कुणी वाचत नाही. तांब्यासाठी तारा जाळतात, तो धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो. अहिंसेचा विचार पाणी गाळण्यापाशी थांबवून चालणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मंदिर असो, शाळा असो की तुमचं घर, नव्या संगणकाचा खर्च मंजूर करण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बोर्डाचं पूर्ण नाव, त्यावर चालणारा सर्वात वेगवान प्रोसेसर, आणि तो बसवायचा एकूण खर्च. जो हे लिहून देत नाही, त्याच्या ‘होत नाही’ला किंमत देऊ नका.