कसब कामगाराचे, नोंद कोणाची?

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीत बंगळूर येथे अकादमी उभारली आणि २०१० पासून तेथे हेलिकॉप्टरचे वैमानिक आभासी उड्डाणातून शिक्षण घेऊ लागले. इंजिन बंद पडण्याचा प्रसंग जमिनीवर बसून पुनःपुन्हा अनुभवता येतो. चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागत नाही.

हेच तंत्र आता वेल्डिंग, रंगकाम, यंत्रदुरुस्ती यांच्या शिक्षणातही आले आहे. डोळ्यांवर पडदा बांधून सराव करता करता शिकाऊ उमेदवाराचा हात बसतो. धातू वाया जात नाही, बोट तुटत नाही. कामगारवर्गाने याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु हे यंत्र नुसते शिकवत नाही; प्रत्येक चूक, प्रत्येक सेकंद टिपूनही ठेवते. ही नोंद केवळ मालकाच्या हाती राहिली, तर शिक्षणाचे साधन हे कामाचा वेग वाढवण्याचे आणि कपातीची यादी करण्याचे हत्यार बनेल. शिकाऊ उमेदवार तर अधिकच असहाय आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा त्याला कामगार मानतच नाही.

म्हणून युनियन्सनी आताच ठाम मागण्या मांडाव्यात: शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरून पूर्ण वेतन मिळावे, नोंदी कामगाराला खुल्या असाव्यात व शिक्षेसाठी वापरल्या जाऊ नयेत, शिकलेल्या कसबाचे सर्वत्र मान्य असे प्रमाणपत्र मिळावे. १९८०-८१ साली सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांचा प्रदीर्घ संप लढवणाऱ्या बंगळूरने या लढ्यातही पुढाकार घ्यावा.